ओळखपत्र आणि ओळख

प्रस्तावना

'नागरिक' हा शब्द 'नगर' या शब्दापासून तयार झाला आहे. नगरात राहतो तो नागरिक, असा त्याचा मूळ अर्थ. आज हा अर्थ विस्तारला आहे. खेड्यातील शेतमजूर आणि महानगरातील अधिकारी हे दोघेही देशाचे सारखेच नागरिक असतात. तरीही एक प्रश्न उरतो. ज्या नगरासाठी माणूस राबतो, ते नगर त्याला आपले वाटते का? आणि ते नगर त्याला आपला मानते का? कायद्याने मिळालेले नागरिकत्व आणि प्रत्यक्ष अनुभवाला येणारे नागरिकत्व यांत अंतर का पडते, हे बेंगळुरू शहरातील कष्टकऱ्यांच्या उदाहरणावरून या पाठात समजून घ्यायचे आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
- नागरिकत्वाचा कायदेशीर आणि सामाजिक अर्थ स्पष्ट करू शकाल.
- ओळखपत्रामुळे कचरावेचकांच्या जीवनात काय बदलले आणि काय बदलले नाही, हे सांगू शकाल.
- स्थलांतरित कष्टकऱ्यांना परकेपण का अनुभवावे लागते, याची कारणे देऊ शकाल.

मूळ पाठ

नागरिकत्व : कायद्यातील आणि जगण्यातील

भारताच्या राज्यघटनेत अनुच्छेद ५ ते ११ मध्ये नागरिकत्वाविषयीच्या तरतुदी आहेत. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने त्याचे तपशील ठरवून दिले. जन्म, वंश, नोंदणी, देशीयकरण आणि एखादा प्रदेश भारतात समाविष्ट होणे, असे नागरिकत्व मिळण्याचे पाच मार्ग या कायद्यात सांगितले आहेत. गोवा मुक्त झाल्यानंतर तेथील रहिवासी १९६२ मध्ये यांपैकी शेवटच्या मार्गाने भारताचे नागरिक झाले. बहुसंख्य भारतीयांना मात्र नागरिकत्व जन्मानेच मिळते. त्यासाठी त्यांना अर्ज करावा लागत नाही.

नागरिकत्वाबरोबर हक्क येतात. कायद्यापुढे सर्व समान आहेत. जात, धर्म, लिंग, जन्मस्थान यांवरून राज्याला भेदभाव करता येत नाही. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे. देशाच्या कोणत्याही भागात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. प्रत्येक प्रौढ नागरिकाला एक मत आहे, आणि त्या मताचे मूल्य इतर कोणाच्याही मताइतकेच आहे.

परंतु केवळ मताची समानता पुरेशी नाही, याची जाणीव घटनाकारांनाही होती. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी एका विसंगतीकडे लक्ष वेधले होते. राजकीय जीवनात आपण समान असू. मात्र सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता कायम राहील, आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. त्याच वर्षी इंग्लंडमधील समाजशास्त्रज्ञ टी. एच. मार्शल यांनी केंब्रिज येथील व्याख्यानांत नागरिकत्वाची तीन अंगे सांगितली. पहिले नागरी हक्कांचे, दुसरे राजकीय हक्कांचे आणि तिसरे सामाजिक हक्कांचे, म्हणजे समाजात प्रचलित असलेल्या मानाने सभ्य जीवन जगण्याच्या हक्काचे. ज्याला पहिली दोन अंगे कागदावर मिळाली, पण तिसरे मिळालेच नाही, त्याचे नागरिकत्व अपुरे राहते.

पहाटेचे शहर

बेंगळुरू मराठी वाचकाला अपरिचित नाही. सतराव्या शतकात शहाजीराजांची जहागीर येथे होती. आज हे शहर संगणक उद्योगासाठी जगभर प्रसिद्ध आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ८४ लाख होती, आणि त्यानंतर ती सतत वाढत गेली आहे.

एवढे मोठे शहर रोज हजारो टन कचरा बाहेर टाकते. शहर जागे होण्यापूर्वी, पहाटेच्या अंधारात, खांद्यावर गोणी घेतलेल्या स्त्रिया आणि पुरुष रस्त्यावर उतरतात. कागद, पुठ्ठा, काच, पत्रा, प्लास्टिकच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या ते वेचतात, निवडतात आणि भंगारवाल्याला विकतात. हे साहित्य पुढे कारखान्यात जाते आणि त्यापासून नव्या वस्तू तयार होतात. ज्या वस्तू अन्यथा गावाबाहेरच्या कचरा डेपोत पडून राहिल्या असत्या, त्या या माणसांमुळे पुन्हा उपयोगात येतात. पालिकेचा वाहतुकीचा खर्च वाचतो आणि जमीन व पाणी दूषित होण्याचे प्रमाण घटते.

या कामाची समाजाने दीर्घकाळ दखल घेतली नाही. उलट, पहाटे गोणी घेऊन फिरणारा माणूस चोर असावा, असा संशय घेतला जाई. पोलिसांनी हटकणे, पहारेकऱ्यांनी हाकलणे, भंगारवाल्याने वजनात फसवणे हा रोजचा अनुभव होता. कचरा वेचणाऱ्यांत दलित आणि इतर वंचित समाजांतील लोकांचे प्रमाण मोठे आहे. त्यांच्यापैकी अनेकांकडे रहिवासाचा पुरावा नव्हता. पुरावा नाही म्हणून शिधापत्रिका नाही, शिधापत्रिका नाही म्हणून बँकेत खाते नाही, आणि खाते नाही म्हणून सरकारी योजनेचा लाभ नाही, अशी ही साखळी होती. जन्माने नागरिक असलेला माणूस व्यवहारात शहराच्या कोणत्याच नोंदवहीत नव्हता.

पुण्यात पडलेले पाऊल

या साखळीतून बाहेर पडण्याचा मार्ग बेंगळुरूच्या आधी पुण्यात शोधला गेला होता. १९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुली आणि स्त्रियांसाठी साक्षरतेचे काम करीत होत्या. लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या त्यांपैकी प्रमुख होत. पुण्यातील या स्त्रियांत मराठवाड्यातून, विशेषतः १९७२ च्या दुष्काळानंतर, आलेल्या दलित कुटुंबांतील स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. अक्षरे शिकवता शिकवता कार्यकर्त्यांच्या लक्षात आले की, या स्त्रियांचा पहिला प्रश्न अक्षराचा नसून कामाच्या प्रतिष्ठेचा आणि उत्पन्नाचा आहे. निवडलेला सुका कचरा थेट घरांतून मिळाला, तर कचराकुंडीत हात घालावा लागणार नाही आणि मालाला भावही चांगला मिळेल, हे त्यांनी प्रयोगाने दाखवून दिले.

१९९३ मध्ये, हमाल पंचायतीचे नेते बाबा आढाव यांच्या पाठबळाने, 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना स्थापन झाली. संघटनेची पहिली मोठी मागणी पैशाची नव्हती, ओळखपत्राची होती. कचरा वेचणे हे काम आहे आणि ते करणारी व्यक्ती कामगार आहे, हे पालिकेने मान्य करावे, असा त्या मागणीचा अर्थ होता. १९९० च्या दशकाच्या मध्यावर पुणे महानगरपालिकेने ही ओळखपत्रे मान्य केली. पुढे कचरावेचकांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरण्याची जबाबदारीही पालिकेने घेतली. २००८ मध्ये 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेशी पालिकेने घरोघरी कचरा गोळा करण्याचा करार केला.

पाठगत प्रश्न १

(अ) कोणत्या साखळीमुळे कचरावेचक शहराच्या नोंदवहीबाहेर राहिले?
(आ) संघटनेने पैशाआधी ओळखपत्र का मागितले?

बेंगळुरूतील ओळखपत्र

पुण्यातील या चळवळीत काम केलेल्या नलिनी शेखर यांनी पुढे बेंगळुरूमध्ये 'हसिरु दळ' या संस्थेच्या उभारणीत पुढाकार घेतला. कन्नड भाषेत 'हसिरु' म्हणजे हिरवे. तेव्हा 'हसिरु दळ' म्हणजे हरित दल. या संस्थेने आणि शहरातील इतर गटांनी कचरावेचकांची नोंदणी सुरू केली. हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या पातळीवरील लोक अदालतीपुढे गेला, आणि कचरावेचकांची नोंद करून त्यांना ओळखपत्रे द्यावीत, असा निर्देश मिळाला. त्यानुसार २०११ पासून तत्कालीन बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेने आपल्या बोधचिन्हाची ओळखपत्रे देण्यास प्रारंभ केला. पुढील वर्षांत हजारो कचरावेचकांना ती मिळाली.

हातात मावणाऱ्या त्या पत्राने काय केले? प्रथम, त्याने संशयाला उत्तर दिले. रस्त्यात हटकले गेले, तर दाखवायला एक शासकीय कागद आला. दुसरे म्हणजे, एका कागदामुळे दुसरा कागद मिळवणे सोपे झाले. बँकेतील खाते, विमा आणि मुलांची शिष्यवृत्ती यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट त्यातून निघाली. तिसरे म्हणजे, पत्रावर लिहिलेल्या व्यवसायाच्या नावाने, आपण करतो ते भीक मागणे नव्हे, ते काम आहे, असे म्हणण्याचे बळ दिले. हा तिसरा परिणाम मोजता येत नाही. पण आपलेपणाची सुरुवात त्यातूनच होते.

ओळखीकडून कामाकडे

तथापि, ओळखपत्र खिशात असले, तरी पोट भरण्यासाठी काम लागते. २०१२ मध्ये बेंगळुरूपुढे कचऱ्याचे मोठे संकट उभे राहिले. शहराचा कचरा मावळ्ळीपुरा, मंडूर अशा आसपासच्या गावांत नेऊन टाकला जात असे. दुर्गंधी आणि दूषित पाणी सोसणाऱ्या ग्रामस्थांनी त्यास विरोध केला. मावळ्ळीपुरा येथील डेपो त्या वर्षी बंद झाला आणि मंडूर येथे कचरा टाकणे २०१४ च्या अखेरीस थांबले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपली घाण ज्यांच्या दारात नेऊन टाकली जाते, ते ग्रामस्थही समान नागरिक आहेत, याचा शहराला विसर पडला होता. त्यांच्या विरोधामुळे शहराला स्वतःच्या सवयी तपासाव्या लागल्या.

ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करावा, असा नियम २०१२ मध्ये लागू झाला. सुक्या कचऱ्यासाठी प्रभागाप्रभागांत संकलन केंद्रे उभारण्यात आली, आणि त्यांपैकी अनेक केंद्रे चालवण्याचे काम कचरावेचकांकडे आले. कालपर्यंत कुंडीजवळ उभे राहू न दिलेला माणूस आता छपराखाली, काट्यावर माल तोलून, हिशेबाची वही ठेवू लागला. प्लास्टिकचे कोणते प्रकार एकत्र वितळवता येतात आणि कोणते येत नाहीत, हे त्याला स्पर्शाने आणि आवाजाने कळते. हे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते शहराला त्याच्याकडूनच घ्यावे लागले. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी 'कचरावेचक' या शब्दाची व्याख्या केली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली.

झाडूवाल्या स्त्रियांची कहाणीही याच वाटेने जाते. कर्नाटकात सफाई कामगारास 'पौरकार्मिक' म्हणतात. 'पौर' म्हणजे पुरात राहणारा, अर्थात नागरिक. नाव एवढे सन्मानाचे असूनही बेंगळुरूतील हजारो पौरकार्मिक, ज्यांत दलित स्त्रियांची संख्या फार मोठी आहे, वर्षानुवर्षे ठेकेदाराच्या हाताखाली राबत होते. संघटनांच्या दीर्घ लढ्यानंतर २०१७ मध्ये ठेकेदारी दूर करून पालिकेने थेट वेतन देण्याचा निर्णय झाला. २०२२ मध्ये कायम नोकरीसाठी पुन्हा संप झाला. अखेर १ मे २०२५ रोजी बारा हजारांहून अधिक पौरकार्मिकांना कायम नियुक्तीची पत्रे देण्यात आली. नावातला 'पौर' प्रत्यक्षात उतरण्यास इतका काळ लागला.

कागद असूनही परके

ओळखपत्र मिळाले की सर्व काही साधले, असे मात्र नाही. जानेवारी २०२० मध्ये बेंगळुरूच्या पूर्व भागातील करियम्मन अग्रहार येथे एका वस्तीवर यंत्रे चालवून झोपड्या पाडण्यात आल्या. तेथे राहणारे लोक बांगलादेशातून बेकायदा आलेले आहेत, असा आरोप करण्यात आला होता. प्रत्यक्षात त्या वस्तीत उत्तर कर्नाटकातून, तसेच आसाम, त्रिपुरा, पश्चिम बंगाल यांसारख्या राज्यांतून आलेले मजूर, घरकामगार आणि पहारेकरी राहत होते. अनेकांनी मतदार ओळखपत्र, आधारपत्र असे कागद पुढे केले. प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने ही कारवाई पुढे चालू ठेवण्यास मनाई केली. मात्र तोपर्यंत अनेकांचा संसार उघड्यावर आला होता.

या घटनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, कागद हा हक्काचा पुरावा असतो, हक्क स्वतः नव्हे. प्रत्येक कागदाचा अर्थही वेगळा असतो. आधारपत्र हा ओळखीचा पुरावा आहे. कायद्यानुसार तो नागरिकत्वाचा पुरावा नाही. दुसरी गोष्ट अशी की, परकेपण पुष्कळदा भाषेवरून, पेहरावावरून आणि कामावरून ठरवले जाते. बंगाली बोलणारा कोट्यवधींचा समाज भारताचा नागरिक आहे. पण झोपडीत राहणाऱ्याच्या तोंडी ती भाषा ऐकली की संशय उत्पन्न होतो; उंच इमारतीत राहणाऱ्याच्या तोंडी तीच ऐकली तर होत नाही. याचा अर्थ, संशयाचे मूळ भाषेत नसून गरिबीत आहे. शिवाय समजा एखादी व्यक्ती नागरिक नसली, तरी जीविताचे संरक्षण करणारा अनुच्छेद २१ 'नागरिकां'पुरता मर्यादित नाही. तो प्रत्येक 'व्यक्ती'ला लागू आहे. चौकशी, नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी तिलाही मिळाली पाहिजे.

मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये हाच अनुच्छेद अधिक स्पष्ट केला होता. जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क समाविष्ट आहे, कारण जगण्याचे साधन हिरावणे म्हणजे जगणेच हिरावणे होय, असे न्यायालयाने मानले. मात्र पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकारही त्याच निकालाने मान्य केला. तत्त्व मोठे, पण घर वाचले नाही. वंचितांच्या वाट्याला येणारे न्यायाचे हे अपुरेपण विसरून चालणार नाही.

आवाजाचा प्रश्न

आपलेपणाचे आणखी एक अंग आहे, ते म्हणजे आवाज. कामासाठी शहरात आलेल्या अनेकांचे नाव गावाच्या मतदार यादीत असते. निवडणुकीच्या दिवशी त्यांनी गावी जावे, तर मजुरी बुडते. न जावे, तर मत बुडते. आणि ज्याचे मत प्रभागात नाही, त्याच्या वस्तीतील नळाची आणि शौचालयाची काळजी कोण करणार? शिधापत्रिकेचेही असेच होते. ती गावच्या दुकानाशी जोडलेली असे. 'एक देश, एक शिधापत्रिका' ही व्यवस्था २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली, तेव्हा परराज्यातील दुकानातूनही धान्य घेण्याची सोय झाली. धान्य माणसाच्या मागे आले. मताचा हक्क मात्र अद्याप तसा आलेला नाही.

बेंगळुरूत आणखी एक अडचण आली. २०१५ मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत २०२० मध्ये संपली. त्यानंतरची पाच वर्षे शहराचा कारभार निवडून आलेल्या सभागृहाविनाच चालला. २०२५ मध्ये जुन्या महानगरपालिकेच्या जागी पाच नगरपालिका आणि त्यांच्यावर एक प्राधिकरण स्थापन झाले. ज्याच्या ओळखी मोठ्या, तो दूरध्वनीवरून अधिकाऱ्याशी बोलू शकतो. ज्याला नगरसेवकाच्या दारापलीकडे कोणताच दरवाजा माहीत नाही, त्याची वाट अशा काळात बंद होते. म्हणूनच संघटना महत्त्वाची ठरते. एकट्याचे गाऱ्हाणे कानाआड केले जाते. शंभर जणांनी एका कागदावर लिहून दिलेली मागणी नोंदवून घ्यावी लागते.

समारोप

नागरिकत्व जन्माने मिळते, पण आपलेपणा व्यवहारातून निर्माण होतो. त्यासाठी कागद हवा, कामाला मान हवा, डोक्यावर न हलणारे छप्पर हवे आणि निर्णयात आवाज हवा. पुण्यातील आणि बेंगळुरूतील कचरावेचकांनी यांपैकी पहिल्या दोन गोष्टी संघटित होऊन बऱ्याच अंशी मिळवल्या. उरलेल्या दोन गोष्टींचा प्रवास अजून बाकी आहे. शहराने त्यांना ओळखपत्र दिले, ही दया नव्हती. जी माणसे शहराची रोज सेवा करीत होती, त्यांची ओळख शहराला उशिरा पटली, एवढाच त्याचा अर्थ. सकाळी दाराशी आलेल्या माणसाच्या हाती कचरा देताना तो वेगळा करून द्यावा आणि त्याला नावाने हाक मारावी, इतक्या साध्या गोष्टीपासूनही या ओळखीला आरंभ होऊ शकतो.

शब्दार्थ

- देशीयकरण – परदेशी व्यक्तीस कायद्याने ठरवलेल्या अटी पूर्ण केल्यावर नागरिकत्व देणे
- वंचित – हक्क व संधी यांपासून दूर राहिलेला
- विसंगती – मेळ नसणे
- उपजीविका – पोट भरण्याचे साधन

स्वाध्याय

१. 'कागद हा हक्काचा पुरावा असतो, हक्क स्वतः नव्हे' हे विधान पाठातील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.

२. सुका कचरा संकलन केंद्रांमुळे कचरावेचकांच्या कामात कोणता बदल झाला, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

३. 'नागरिक' आणि 'पौर' या शब्दांचे मूळ अर्थ सांगा. 'पौरकार्मिक' हे नाव आणि त्या कामगारांची स्थिती यांत कोणती विसंगती होती?

४. तुमच्या परिसरातील सफाई कामगार, फेरीवाले किंवा घरकामगार यांच्यापैकी एकाशी बोला. त्यांना कोणता कागद मिळवणे सर्वांत अवघड गेले आणि का, हे विचारून दहा ओळींत लिहा.